हवालदाराच्या पायाखालचा बर्फ

पुतळा दिसला की लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, मी पायांकडे बघतो. ही खोड धंद्यातून लागली आणि दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी सुटलेली नाही. परवा नातीच्या शाळेत प्रदर्शन होतं. थर्माकोलच्या टेकडीवर एक रंगवलेला शिपाई बंदूक घेऊन उभा केला होता. मिशा झकास, पट्टा झकास, पण बूट जमिनीला टेकलेच नव्हते. मी तिथल्या बाईंना म्हटलं, हा हवेत उभा आहे. त्या म्हणाल्या, काका, पक्का चिकटवलाय, हलवून बघा. चिकटवणं वेगळं आणि उभं करणं वेगळं, हे तिथे सांगायला लागलो असतो तर नातीनं मला पुन्हा शाळेत नेलं नसतं. म्हणून घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

वर्ध्यात माझं दुकान होतं. पाटीवर ‘पेंटर’ लिहिलेलं होतं आणि लोकही पेंटरच म्हणायचे, पण पाट्या रंगवणं हे पोटापुरतं. माझं खरं काम बैठका करण्याचं. बैठक म्हणजे मूर्तीच्या, बाहुलीच्या पायाखालची जमीन. मूर्ती करणारे जिल्ह्यात पुष्कळ होते आणि त्यांचं नाव व्हायचं. देव, पुढारी, शिपाई, बैल त्यांनी करायचे आणि मग कुणाच्या तरी ध्यानात यायचं की हे सगळं टेबलावर नुसतं ठेवलं तर दुकानातल्या खेळण्यासारखं दिसतं. तेव्हा माझ्याकडे यायचे. मी त्याखाली शेत करून द्यायचो, नदीकाठ करायचो, घाट करायचो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या माणसांना उभं राहायला जागा करून दिली आणि आभार मात्र मूर्तिकाराचे मानले गेले. त्याचं मला वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

काम सोपं आहे, ऐका. लाकडी फळी घ्यायची, कडेला पट्टी मारायची. उंचवटे हवेत तिथे गोणपाट चुरगाळून ठेवायचं आणि त्यावर प्लॅस्टर ओतायचं, की खडक झाला. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, ते वाळलं की नुसतं खोड उरतं. त्याचा शेंडा मोडून रोवला की पानं झडलेला वृक्ष तयार. असा वृक्ष विकत कुठे मिळत नाही आणि आमच्याकडे तो चुलीत जाळतात. एवढं झालं की मुख्य गोष्ट. माणसाच्या टाचेतून खिळा घालून त्याला जमिनीत बसवायचं आणि बुटाभोवती माती थोडी दाबायची, वर उचलून आलेली दाखवायची. माणसाला वजन असतं. जमिनीनं ते कबूल केलं पाहिजे. तेवढं जमलं की बघणाऱ्याला काय बदललं ते कळत नाही, पण शिपाई जिवंत वाटायला लागतो.

गिऱ्हाइकं मात्र सोपी नव्हती. एका शाळेच्या हेडमास्तरांनी धाम नदीचा देखावा सांगितला. मी काचेला खालून निळा रंग देऊन नदी करायचो, त्यांना ते पटेना. नदीत पाणी पाहिजे, ते म्हणाले, आम्ही मुलांना खोटं शिकवत नाही. मी पत्र्याचं पात्र केलं आणि पाणी भरून दिलं. पुढच्या महिन्यात मलेरियाचा माणूस शाळेत फवारणीला आला, त्यानं कोपऱ्याकोपऱ्यातली डबकी तपासली आणि धाम नदीत डासांच्या अळ्या सापडल्या. नदीत घासलेट टाकल्याशिवाय तो हलला नाही. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि नदीला वास येतो अशी तक्रार केली. मी म्हटलं, गुरुजी, आता ती अगदी खरी झाली.

पण मला सांगायचं आहे ते काशीराव हवालदारांबद्दल. देवळीच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, शेती करायचे, पण चालताना हात अजून कवायतीचेच हलायचे. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा आषाढ असेल. ते सकाळच्या बसनं आले, दुकानात ताठ उभे राहिले आणि टॉवेलात गुंडाळलेली वस्तू माझ्यासमोर उघडली. वीतभर उंचीचा लाकडी शिपाई होता. अंगात जाड कोट, कानावर टोपी, गाल लाल. भुवया एक वर, एक खाली. पलटणीतल्या एका पहाडी जोडीदारानं तो कोरून, रंगवून त्यांना निरोपाला दिला होता. काम चांगलं होतं. फक्त त्याच्या हातात बंदूक नव्हती, फावडं होतं.

मी विचारलं, “हवालदारसाहेब, बंदूक कुठं पडली काय?”

“पडली नाई. मी जिथं होतो तिथं सहा महिने दुश्मन एकच होता, बर्फ. त्याले बंदूक लागते काय?” मग म्हणाले, “पेंटर, बर्फ करता येते तुमाले?”

“पाह्यला नाई कधी. तुमी सांगा, मी करतो.”

“कारखान्यातला नाई. आभाळातला.”

मग त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे बैठकीचं काम नाही, हा खटला आहे.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी, ते पहाडात असताना, त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न माघात ठरलं. काशीराव थोरले जावई, त्यांचा मान मोठा. त्यांनी रजा घेतली, निघणार तोच बर्फ पडला आणि खाली येणारा रस्ता बंद झाला. बंद झाला तो उन्हाळ्यापर्यंत. ते घरी आले ज्येष्ठात. इकडे लग्नात थोरल्या जावयाचं पान वाढलेलं तसंच राहिलं आणि शेवटी ते उचलून गाईला घातलं. मग बायका बोलायला लागल्या. काशीरावांची बायको वत्सलाबाई. त्यांना आडून आडून विचारायच्या, हवालदार येणार होते ना? आणि माघारी म्हणायच्या, त्यानं तिकडे दुसरी केली असेल.

“अन् माही बायको,” हवालदार खाली बघत म्हणाले, “तिनं मले कधी इचारलं नाई. पन तिले वाटते तसंच.”

“तुमी सांगितलं नाई, रस्ता बंद होता मनून?”

“सांगितलं ना. ती मनते, पूर आला तं नदी अडवते, दोन दिवसांत उतरून जाते. चार-चार महिने कोनता रस्ता बंद राह्यते?”

खरं सांगायचं तर मलाही हे विचित्रच वाटत होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं. पांढरं काहीतरी वरून पडतं आणि रस्ता गिळतं, हे वर्ध्यातल्या माणसाला शपथेवर सांगितलं तरी तो मान डोलावून घरी जाईल आणि हसेल.

हवालदारांनी पुरावे दिले नव्हते असं नाही. परत गेल्यावर एकदा त्यांनी पलटणीचा फोटो पाठवला. फोटोत वर पांढरं, खाली पांढरं आणि मध्ये काही डोकी. वत्सलाबाई तो उन्हात नेऊन बघून म्हणाल्या, फोटो जळाला आहे, फोटोवाल्याकडून पैसे परत घ्या. मग एका जोडीदाराबरोबर त्यांनी दुधाच्या बंद डब्यात खरा बर्फ भरून पाठवला. तो माणूस नागपूरचा, सुटीवर येत होता. त्यानं इमानदारीनं वाकडी वाट करून डबा घरी पोचवला. वत्सलाबाईंनी झाकण उघडलं आणि आत पाणी. त्या म्हणाल्या, यायनं पानी धाडलं. आपल्या विहिरीत काय कमी होतं? आणि ते तुळशीला घातलं. काशीराव म्हणाले, “तुळस वाळली बी मग. तेबी माह्याच खात्यात जमा झालं.”

आता त्यांची योजना अशी होती. भाद्रपदात त्यांच्याकडे तीन दिवसांच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या. आमच्या विदर्भात त्या सणाला गावातली प्रत्येक बाई प्रत्येक घरी दर्शनाला जाते आणि मूर्तींसमोर मांडलेला देखावा बघते. ज्या बायकांनी त्या माघात कुजबुज केली होती त्याच सगळ्या येणार होत्या. त्यांच्यासमोर काचेच्या पेटीत हा शिपाई उभा राहील, त्याच्याभोवती बर्फ असेल, रस्ता बुडालेला असेल. बघा म्हणावं, असा बंद होते रस्ता.

“शिपायाचं तोंड कुठं पाहिजे?” मी विचारलं. नियम असा की एकटा माणूस असेल तर त्याचं तोंड बघणाऱ्याकडे, जरा तिरपं.

“रस्त्याकडं,” ते म्हणाले. “उताराकडं. पाहनाऱ्याकडं पाठ आली तरी चालन.”

पाठमोरा शिपाई मी कधी केला नव्हता. मी वाद घातला. एवढे लाल गाल कुणाला दिसणार? ते ऐकेनात. ड्यूटीवरचा माणूस जिकडे काम आहे तिकडे तोंड करतो, फोटोवाल्याकडे नाही, एवढंच म्हणाले. शेवटी मी त्याला थोडा कलता बसवायचं कबूल केलं, म्हणजे एक गाल दिसेल.

आता बर्फ. मी आधी बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथल्या माणसाला म्हटलं, मला बर्फाचा स्वभाव बघायचा आहे. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि एक लादी भुशात गुंडाळून दिली. ती मी सायकलवरून दुकानात आणली आणि सुताराचा रंधा फिरवून तिचा कीस काढायला लागलो, ढीग कसा बसतो ते बघायला. दुकानासमोर गर्दी जमली. एकानं ग्लास आणला, त्यात सरबत होतं. गोळेवाला गाडी घेऊन आला आणि रंध्यानं कीस बारीक येतो हे बघून त्यानं सुताराचं दुकान विचारलं. माझा ढीग तोवर पाणी होऊन उंबऱ्याखालून निघून गेला होता आणि सुतार गंजलेल्या रंध्यासाठी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हता.

मग मी मीठ वापरलं. जाडं मीठ सरसात घोळवून टेकडीवर थापलं. दिसायला फार सुंदर झालं, मी स्वतः मागे सरकून बघत बसलो. पण श्रावण लागला होता. दुसऱ्या दिवशी हवा दमट झाली, तसा बर्फ घामेजला. तिसऱ्या दिवशी वाहायला लागला. खारं पाणी टेबलावरून खाली एका मंडळाच्या गणपतीच्या कच्च्या उंदरावर ठिबकलं आणि उंदराची शेपटी गेली. मंडळाची पोरं चिडली. हवालदार मात्र बघायला आले होते ते खूश झाले. “हे बराबर हाये. असाच वितळते.” त्यांना समजावून सांगावं लागलं की महालक्ष्म्यांच्या आधी वितळला तर आपला उपयोग नाही.

“साहेब, तो पडते कसा, बसते कसा, नीट सांगा.”

ते डोळे मिटून म्हणाले, “पडते कापसासारखा, बसते गिट्टीसारखा.”

गिट्टी म्हणजे खडी; पण कापूस ही अर्धी गोष्ट तर आमच्या घरचीच निघाली. मी जिनिंगच्या कारखान्यातून रुई आणली, म्हणजे सरकी काढलेला स्वच्छ कापूस, आणि पसरली. हवालदारांनी आठवड्यानं येऊन पाहिलं आणि मान हलवली. “ही गादी झाली. याच्यावर झोपावं वाटते. बर्फाले वजन असते पेंटर, तो आंगावर येते.”

बरोबर होतं ते. रुई लोळते, तिला उंचवटा धरता येत नाही. मग मला सुचलं. वेचलेला कापूस, बोंडातून काढलेला जसाच्या तसा, आत सरकी असलेला, तो ढेकळासारखा बसतो. त्याला गोळा आहे, आकार आहे. खाली तो घालायचा आणि वर रुईचा पातळ थर. मी हवालदारांना सांगितलं, घरून थोडा कापूस आणा. वत्सलाबाईंनी वातींसाठी कोपऱ्यात ठेवलेल्या ढिगातून त्यांनी पिशवी भरून आणली. काय करायचं आहे ते त्यांनी घरी सांगितलं नाही.

खडकांच्या मधल्या जागेत मी काळी माती आणि भुसा भरला, कारण प्लॅस्टर संपत आलं होतं आणि गणपतीची गर्दी चालू होती. मातीत कापसाचे गोळे दाबून दाबून बसवले, वर रुई, त्यावर सरसाचं पाणी शिंपडलं. एका कोपऱ्यातून रस्ता वर आणला आणि बर्फात बुडवला. शिपाई त्यात पोटऱ्यांपर्यंत रोवला. त्याच्या फावड्यापुढे, उताराच्या बाजूला, जरासा रस्ता खणलेला दाखवला. वितीच्या माणसापुढे बोटभर खणलेलं आणि पुढे सगळं पांढरं. ते बघितलं आणि मला, वर्ध्याच्या माणसाला, पाठीत थंडी वाजली. त्या दिवशी मी पहिल्यांदा हवालदारांवर विश्वास ठेवला.

त्यांनीही पाहिलं. मग रुमालानं काच पुसल्यासारखं केलं, काच अजून बसवलेली नव्हती. म्हणाले, “हे तेच हाये.”

पोळ्याला आठवडा होता. मी काच लावली, कडा मेणानं बंद केल्या आणि बजावलं की आत ओल आहे, सरस वाळायचा आहे, पेटी लाल कपड्यात झाकून ठेवा आणि अजिबात उघडून बघू नका. हे मी शेतकऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं संध्याकाळीच उघडलं असतं. हे मी हवालदाराला सांगितलं. त्यांनी पेटी घरी नेऊन चुलीच्या भिंतीपलीकडच्या कोनाड्यात ठेवली आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवसापर्यंत तिच्याकडे पाठ करून राहिले.

जेवणाला मलाही बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या. बायकांनी घर भरलं होतं. वत्सलाबाई मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. उंच, हाडानं मजबूत, बोलणं कमी. मला म्हणाल्या, “भाऊ, तुमी यायले काय करून देलं ते मले तं काई सांगितलं नाई यायनं. पंधरा दिवस झाले, कोनाड्याकडं जाऊ देत नाईत.” त्यांच्या शेजारच्या गिरजाबाई, म्हणजे त्या जुन्या कुजबुजीच्या मूळ मालकीण, पुढेच बसल्या होत्या.

हवालदारांनी पेटी आणून महालक्ष्म्यांसमोर चौरंगावर ठेवली. धोतर, कोट, छातीवर पदकं. दोन पावलं मागे सरकून छोटंसं भाषण केलं, मी जिथं होतो ती जागा अशी होती, वगैरे. आणि कपडा ओढला.

आधी मला वाटलं काचेला बुरशी आली. मग नीट दिसलं. बर्फातून पऱ्हाटी उगवली होती. एखाददुसरी नाही, सगळीकडे. प्रत्येक ढिगातून दोन-दोन पानांची रोपं, उजेडाशिवाय वाढलेली म्हणून पिवळट, लांब मानेची, आणि कपडा जिकडे तोकडा होता तिकडे, म्हणजे दाराकडे, सगळी वाकलेली. रुईचा थर त्यांच्या डोक्यांवर टोप्यांसारखा उचलला गेला होता. काळी माती, ओल, चुलीची ऊब, वर काच. मी बैठक केली नव्हती, पेरणी केली होती. आमच्याकडे सरकी म्हणजे ढेप, गुरांचं खाणं. ती बी आहे हे आम्हाला मृगात आठवतं आणि नंतर विसरतो. मी विसरलो, हवालदार विसरले. सरकी विसरली नव्हती.

गिरजाबाई पुढे वाकून म्हणाल्या, “बाप्पा. बर्फात पऱ्हाटी होते काय भाऊजी? कोनतं बियानं हाये, आमाले बी सांगजा.”

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक जण म्हणाली, पहाडात फवारा मारतात का? दुसरी म्हणाली, वेचाईला बाया कुठून आणतात? त्यावर तर सगळ्याच फुटल्या. हवालदार ताठ उभे होते, हात बाजूला, नजर समोर, जसं काही वरच्या साहेबाच्या शिव्या खाणं चालू आहे. पण त्यांचे कान लाल झाले होते. मला कळत होतं काय झालं ते. इतक्या वर्षांनी एकदा पुरावा आणला आणि पुराव्यानंच त्यांना खोटं पाडलं. आता या गावात ते मरेपर्यंत बर्फाचं नाव काढू शकणार नव्हते, आणि बर्फ नाही म्हटलं की मग त्या माघात ते कुठे होते, याचं उत्तर गिरजाबाईंकडे तयार होतं. मला पळून जावंसं वाटलं. मी दाराच्या बाजूला सरकलोसुद्धा.

वत्सलाबाई हसत नव्हत्या. त्या चौरंगापुढे खाली बसल्या आणि काचेला नाक लावून बघत राहिल्या. रोपं बघितली, शिपाई बघितला. मग त्यांनी मला हाक मारली.

“भाऊ, इकडं या. हा पाठ करून काऊन उभा हाये?”

मी म्हटलं, “रस्त्याकडं तोंड पाहिजे मने हवालदार.”

“कोनता रस्ता?”

मी बोट लावून दाखवलं. रोपांच्या मधून तो खणलेला तुकडा अजून दिसत होता. “हा. खाली येते तो.”

“खाली मनजे?”

“खाली, मनजे घराकडं,” मी म्हटलं. “इकडं.”

त्या पुन्हा वाकल्या. पाठमोरा शिपाई, हातात फावडं, पुढे बोटभर मोकळा रस्ता. नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “बंदूक नव्हती तुमाले?”

“होती,” हवालदार म्हणाले. “पन फावडंच जास्त चाललं.”

“रोज खोदत होते?”

“रोज. राती पुन्हा भरून जाये.”

वत्सलाबाई उठल्या. पदर खोचला, हसणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि अगदी शांतपणे, जशी ताटं वाढायला सांगावीत तशा आवाजात म्हणाल्या, “गिरजाबाई, हासू नोका. बर्फ खोदत खोदत आले हे. खोदत खोदत आपल्या वावरापर्यंत आले.”

हसणं थांबलं. गिरजाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण वत्सलाबाईंनी त्यांच्या हातात आंबिलीची वाटी दिली. हवालदार तसेच सावधान उभे होते. मला रडू आलं ते मी पुरणाच्या वाफेवर ढकललं.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. कामात खोट राहिली हे मला सहन होत नव्हतं. मी पिशवीभर जिनिंगची रुई नेली होती, सरकीचा एक कण नसलेली, आणि नवं प्लॅस्टर. म्हटलं, तासाभरात असा बर्फ करून देतो की हिमालयातला माणूस फसेल.

पेटी ओसरीवर उन्हात होती आणि काच निघालेली होती. रुई बाजूला काढून ठेवलेली, खालची काळी माती उघडी. रोपं हिरवीगार होऊन वीतभर वाढली होती, शिपायाच्या टोपीच्या वर. पण दाटी नव्हती. वत्सलाबाईंनी नीट विरळणी करून जागोजाग एकेकच रोप ठेवलं होतं, खुरपलंही होतं. त्या ओळींच्या मधोमध तो जाड कोटातला शिपाई फावडं घेऊन उभा होता, आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यात मी एवढा घट्ट उभा माणूस केला नव्हता.

हवालदार मला बघून खूश झाले. हळूच म्हणाले, “बरं झालं आले. हे काई खरं नाई पेंटर, तिथं गवताची काडी नव्हती. तुमी पुन्हा बर्फ लावून द्या. पह्यल्यासारखा.”

वत्सलाबाई आतून तांब्या घेऊन आल्या. रोपांना ओंजळीनं पाणी घातलं, शिपायाचा कोट भिजू नये म्हणून त्याच्यावर आडवा हात धरून. मग माझ्या हातातली रुईची पिशवी बघितली.

“काई लावू नोका भाऊ,” त्या म्हणाल्या. “मोठ्या मुश्किलीनं घरी आला. पुन्हा बर्फात ठेवता काय त्याले?”

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा झाला. निघताना रुईची पिशवी वत्सलाबाईंनी वातींसाठी ठेवून घेतली.